बॉनेटखालची हवाना

सोमवार : पार्के सेंत्राल

क्यूबातील जुन्या अमेरिकन मोटारींची छायाचित्रे जगभर इतकी फिरली आहेत, की हवानात उतरल्यावर काही नवे दिसेल अशी अपेक्षा धरणेच अवघड होते. पार्के सेंत्राल या मध्यवर्ती चौकात ही शंका सुरुवातीला खरीही वाटते. एका बाजूला हॉटेल इंग्लातेर्राचा जुना दर्शनी भाग, पलीकडे १९२९ मध्ये पूर्ण झालेल्या कापितोलिओचा घुमट आणि समोर गुलाबी, आकाशी, पोपटी रंगांच्या उघड्या टपाच्या गाड्यांची रांग, असा हा देखावा पर्यटकांना तासाच्या हिशेबाने विकण्यासाठीच मांडलेला आहे. गाड्यांवरचा रंग इतका ताजा आणि जाड आहे, की खालचा पत्रा कोणत्या दशकातला आहे हे आकारावरूनच ताडावे लागते.

ते ताडण्यात मात्र मोठी गंमत आहे. शेव्हरोले बेल एअरच्या १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन मॉडेलांची मूळ बांधणी एकच; पण दरवर्षी बाहेरचे रूप पालटून गेल्या वर्षीच्या मालकाला आपली गाडी शिळी वाटायला लावणे, हे त्या काळातील डेट्रॉइटचे व्यापारी गणित होते. १९५५ च्या गाडीची पुढची जाळी बारीक चौकड्यांची आणि मधल्या भागापुरती असते, १९५६ ची रुंदावत कडेच्या दिव्यांपर्यंत पोहोचते, आणि १९५७ मध्ये मागच्या मडगार्डांना ते सुप्रसिद्ध पंख फुटतात. पेट्रोल भरण्याची जागा पाहिली तरी वर्ष कळते. १९५५ ला ती मडगार्डावरच्या साध्या झाकणाखाली आहे, १९५६ ला डावा मागचा दिवा बिजागरीवर फिरवून उघडावा लागतो, तर १९५७ ला डाव्या पंखाच्या कडेची क्रोमची पट्टी बाजूला सारली की आत टाकीचे तोंड दिसते. रांगेतल्या एका चालकाने माझी नजर कुठे खिळली आहे हे ओळखून ती पट्टी न सांगताच उघडून दाखवली.

पंखांची ही हौस कॅडिलॅकने १९४८ मध्ये सुरू केली. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांच्या विभागाने लॉकहीडच्या पी-३८ या दोन शेपट्यांच्या लढाऊ विमानावरून ती कल्पना उचलली आणि १९५९ च्या कॅडिलॅकपर्यंत ते पंख आपल्या सर्वोच्च उंचीला पोहोचले. हवानाच्या रस्त्यांवरचे अमेरिकन मॉडेलांचे कॅलेंडरही साधारण तिथेच संपते. १९५९ च्या शेव्हरोलेचे आडवे पसरलेले पंख आणि मांजराच्या डोळ्यांसारखे मागचे दिवे दिसले, की आपण जवळजवळ शेवटच्या पानावर आलो असे समजावे.

या रांगेतील पुष्कळशा गाड्या कारखान्यातून उघड्या टपाच्या निघालेल्याच नाहीत, हे ध्यानात आल्यावर माझा खरा रस सुरू झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार दारांची उघडी गाडी जवळजवळ कोणी बनवत नव्हते. त्यामुळे चार दारे आहेत आणि टप नाही, अशी गाडी दिसली की तिचे छत करवतीने उतरवले आहे असे बहुधा खुशाल मानावे. त्या काळातील बहुतेक अमेरिकन गाड्यांची बॉडी स्वतंत्र चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवलेली असल्यामुळे हे शक्य होते. आजच्या एकसंध बांधणीच्या गाडीचे छत असे कापले, तर तिचा कणाच मोडेल. तरी छत ही ताकदीची गोष्ट असतेच. ते गेल्यावर दारांच्या फटी वर अरुंद आणि खाली रुंद होतात, आणि चांगला कारागीर पायथ्याच्या पट्ट्यांत चौकोनी पाइप जोडून ती उणीव भरून काढतो. मी वाकून ते पाइप शोधत होतो तेव्हा आजूबाजूचे पर्यटक डॅशबोर्डाची छायाचित्रे काढण्यात गुंतले होते.

मंगळवार : नेप्तुनो रस्त्याने वेदादोकडे

चौकातील गाड्या पर्यटकांच्या. हवानातील लोकांच्या जुन्या गाड्या वेगळ्याच. त्यांना आल्मेन्द्रोन म्हणतात, आणि त्या ठरलेल्या मार्गांवर सामायिक टॅक्सी म्हणून धावतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून हाताच्या खुणेने दिशा दाखवायची, त्या दिशेला जाणारी आणि जागा असलेली गाडी थांबते. नेप्तुनो हा अरुंद, एकेरी आणि दोन्ही बाजूंनी सज्जांनी झाकलेला रस्ता असल्यामुळे तिथे आवाज घुमतो, आणि म्हणून गाडी दिसण्याआधी तिचे इंजिन ऐकू येते. डोळे मिटून ऐकले तर मालवाहू टेम्पो येत आहे असे वाटावे, आणि डोळे उघडले तर समोर १९५० च्या आसपासची शेव्हरोले उभी.

मी बसलो ती गाडी मूळची पाच-सहा जणांची; मागे एक जादा बाक बसवून तिची क्षमता वाढवलेली होती. दार ओढून घेताना चालकाने मागे न वळताच तळहात खाली-वर हलवून 'हळू' असे सुचवले. हवानात दार आपटणे हा मोठाच अपराध समजला जातो आणि त्यामागचे कारण उघड आहे : त्या दाराची बिजागरी आणि कुलूप यांचा बदली भाग दुकानात मिळत नाही, तो बनवून घ्यावा लागतो. बॉनेटवर शेव्हरोलेच्या चिन्हाशेजारी एका जपानी कंपनीचे चिन्ह दिमाखात चिकटवलेले होते. ते फसवणुकीसाठी नव्हे. आत कोणते इंजिन बसवले आहे याची ती जाहिरात होती, आणि शेजारून जाणारे चालक ती वाचतात.

या साऱ्याचा उगम राजकारणात आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकन मोटारींची आयात थांबत गेली, ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेने निर्यातीवर निर्बंध घातले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये व्यापारबंदी संपूर्ण झाली. पुढची गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. देशांतर्गतही मोटारींच्या खरेदी-विक्रीवर कडक नियंत्रण होते, आणि क्रांतीपूर्वी देशात आलेल्या गाड्याच तेवढ्या नागरिकांना एकमेकांत मोकळेपणाने विकता येत. म्हणजे जुनी गाडी ही केवळ वाहन नव्हती, तर कायद्याने हस्तांतर करता येईल अशी दुर्मीळ मालमत्ता होती. मग ती भंगारात कोण काढील? हा नियम २०११ मध्ये सैल झाला आणि २०१४ च्या आरंभी सरकारी विक्रीकेंद्रांत परवान्याविना गाड्या मिळू लागल्या, पण तिथे प्यूजो ५०८ ची किंमत सुमारे २ लाख ६२ हजार डॉलर लावलेली पाहून जुन्या शेव्हरोलेच्या मालकांनी पुन्हा पाने हातात घेतले असतील.

गाडी वेदादोत पोहोचेपर्यंत मी नंबरपाट्या वाचत बसलो. 'पी' ने सुरू होणारी पाटी खाजगी मालकीची, 'बी' ची सरकारी, 'टी' ची पर्यटकांना भाड्याने दिलेली. क्रोमच्या बंपरवर बहुतेक वेळा 'पी' असतो.

बुधवार : मालेकॉन

समुद्रकाठचा हा लांबलचक रस्ता छायाचित्रकारांचा आवडता आणि पत्र्याचा वैरी आहे. उत्तरेकडून वारा सुटला की लाटा कठड्यावरून थेट रस्त्यावर येतात, आणि जाणते चालक त्या दिवशी आतल्या रस्त्याने जातात. मी इथे आलो तो मात्र १९५० च्या दशकातील शर्यतींसाठी. १९५७ च्या फेब्रुवारीत याच रस्त्यावर क्यूबाची पहिली ग्रां प्री झाली आणि अर्जेंटिनाचे विश्वविजेते शर्यतपटू हुआन मॅन्युएल फान्जिओ यांनी ती मासेराटी ३००एस मधून जिंकली. पुढच्या वर्षी, २३ फेब्रुवारी १९५८ च्या संध्याकाळी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, फिडेल कास्त्रो यांच्या बंडखोर '२६ जुलै चळवळी'च्या लोकांनी फान्जिओ यांना हॉटेल लिंकनमधून पळवून नेले. हुकूमशहा बातिस्ता यांच्या सरकारची जगभर नाचक्की व्हावी एवढाच हेतू होता. शर्यतीनंतर त्यांना सुखरूप सोडण्यात आले आणि आपल्याला चांगले वागवले, असे त्यांनीच सांगितले. शर्यत मात्र वाईट ठरली. थोड्याच फेऱ्यांनंतर आर्मांदो गार्सिया सिफुएन्तेस यांची फेरारी घसरून प्रेक्षकांत घुसली, कित्येक जण दगावले आणि शर्यत थांबवावी लागली. विजेते म्हणून स्टर्लिंग मॉस यांचे नाव जाहीर झाले.

कठड्यावर बसून मी त्या वळणांचा अंदाज घेण्याचा प्रयत्न केला. रस्ता रुंद आहे, पण एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला घरे आणि मध्ये सुटका करून घ्यायला जागा जवळजवळ नाहीच.

गुरुवार : एका अंगणातील गॅरेज

सेर्रो भागातील एका घराच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली, इंजिन काढलेली १९५४ ची शेव्हरोले उभी होती. ज्यांच्याकडे मी राहत होतो त्या कुटुंबाच्या ओळखीने मला तिथे दिवसभर बसू देण्यात आले. मी स्वतः मूळ स्थितीतील गाड्यांचा पक्षपाती आहे. जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत परीक्षक नटबोल्टांची डोकीसुद्धा तपासतात आणि ते मला योग्य वाटते. या अंगणात त्या मोजपट्टीचा काहीच उपयोग नव्हता. समोर जे चालले होते ते कमी कसोटीचे काम नव्हते, त्याची कसोटी निराळी होती.

या गाडीत कारखान्यातून आलेले इंजिन म्हणजे २३५ घनइंचांचे, सुमारे ३.९ लिटरचे, एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचे. ते कधीच झिजून गेले होते आणि त्याच्या जागी सोव्हिएत व्होल्गाचे २.४ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन बसले होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि सुटे भाग दोन्ही आटले, आणि पेट्रोलपेक्षा डिझेलवर चालणारे इंजिन हा पोटापाण्याचा प्रश्न झाला. आता झाडाच्या फांदीला बांधलेल्या साखळीवर लटकत होते ते एका कोरियन व्हॅनचे डिझेल इंजिन.

इंजिन बदलणे म्हणजे जुने उचलून नवे ठेवणे, अशी ज्यांची कल्पना असेल त्यांनी १९५४ पर्यंतच्या शेव्हरोलेची मागची बाजू पाहावी. त्या गाड्यांत फिरता शाफ्ट एका जाड नळीत बंद असे, आणि चाकांनी दिलेला धक्का गाडीपर्यंत पोहोचवण्याचे काम तीच नळी करत असे. एका टोकाला ती अ‍ॅक्सलला पक्की, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सला जोडलेली. परका गिअरबॉक्स आला की ही नळी बसतच नाही. ती काढून उघडा शाफ्ट घालायचा म्हटले, तर अ‍ॅक्सलला जागेवर धरण्याचा सारा भार मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतो, म्हणून पाटे आणि त्यांचे आधार मजबूत करावे लागतात, आणि बहुधा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. १९५५ पासून शेव्हरोलेने स्वतःच उघडा शाफ्ट स्वीकारला, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या मेस्त्रींना अधिक प्रिय आहेत. इथले मेस्त्री १९५४ आणि १९५५ मधला हा फरक वर्षाच्या नावाने सांगत नाहीत. 'नळीची' आणि 'बिननळीची' अशा दोन जाती ते मानतात.

पुढे एकातून दुसरी अडचण निघत जाते. मूळ गाडीची वीज सहा व्होल्टची, नव्या इंजिनाचा स्टार्टर बारा व्होल्टचा. म्हणून दिवे, भोंगा आणि काटे यांची सगळी तारजोडणी बदलायची. काचेच्या पुसण्या (वायपर) मूळच्या इंजिनातील निर्वातावर चालत. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत तसा निर्वात तयार होत नाही, म्हणून पुसण्यांना लाडा या सोव्हिएत गाडीची विजेवरची मोटर लावायची. नवे इंजिन आखूड पण उंच असल्यामुळे त्याचे तेलाचे भांडे स्टिअरिंगच्या दांड्याला अडते, म्हणून भांडे कापून, दुसऱ्या आकारात वेल्ड करून, पाणी भरून गळती पाहायची. हे शेवटचे काम त्या दिवशी माझ्यासमोर झाले. मेस्त्रींनी मोजमापासाठी पुठ्ठ्याचा साचा कापला, तो इंजिनाखाली धरला, पुन्हा कापला, आणि सांजवेळेपर्यंत त्या पुठ्ठ्याचे पत्र्यात रूपांतर झालेले होते. वेल्डिंगची शिवण सुंदर नव्हती. गळत मात्र नव्हती.

पत्र्याचे काम करणारे गृहस्थ वेगळे होते आणि त्यांचा स्वभावही वेगळा होता. त्यांनी मडगार्डाचा कुजलेला खालचा भाग जुन्या फ्रिजच्या दाराच्या पत्र्यातून घडवला होता. पुट्टी किती जाड आहे हे पाहण्यासाठी मी खिशातले लोहचुंबक लावले, आणि ते चटकन चिकटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. रंगाऱ्यांच्या कामाबद्दल मात्र माझे मत फारसे चांगले झाले नाही. ब्रशाने दिलेला रंग मडगार्डाच्या कडांवर ओघळला होता आणि त्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते.

शुक्रवार : व्हिया ब्लांकाने मातान्सास

हवानाच्या उपसागराखालचा बोगदा १९५८ मध्ये सुरू झाला. त्यातून बाहेर पडले की पूर्वेकडे समुद्राच्या कडेने व्हिया ब्लांका हा रस्ता मातान्सासला जातो. आमची गाडी १९५३ ची शेव्हरोले, आत प्यूजोचे डिझेल इंजिन. ताशी ७० किलोमीटरला ती समाधानी होती, ८० ला तिचा आवाज चढू लागे, आणि त्यापुढे जाण्याची चालकाला इच्छा नव्हती. स्टिअरिंगला मधोमध थोडी मोकळीक असल्यामुळे सरळ रस्त्यावरही त्यांचे हात सतत बारीक हालचाल करत होते. परक्याला ते पाहून भीती वाटावी, पण गाडी आपल्या मार्गिकेतून हलत नव्हती.

वाटेत बाकुनायागुआचा पूल लागतो. १९५९ मध्ये पूर्ण झालेला, दरीच्या तळापासून सुमारे ११० मीटर उंच असलेला हा क्यूबातील सर्वांत उंच पूल, आणि त्याच्याकडे जाणारा उतार ही जुन्या ब्रेकांची परीक्षा. या गाड्यांत ब्रेकच्या तेलाची वाट एकच असते. चारपैकी एका चाकाशी गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. शिवाय पेट्रोल इंजिनाच्या तुलनेत डिझेल इंजिन पाय काढल्यावर गाडीला कमी अडवते. आमच्या चालकांनी पुढच्या चाकांना लाडाच्या डिस्क बसवल्या होत्या, तरीही उतार सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ते खालच्या गिअरमध्ये आले आणि मागून भोंगा वाजवणाऱ्या भाड्याच्या नव्या गाडीला त्यांनी शांतपणे पुढे जाऊ दिले.

शनिवार : मातान्सास

आजचा दिवस सोव्हिएत आणि पोलिश गाड्यांचा. मॉस्कविच, मागे इंजिन असलेली चिमुकली पोल्स्की फियाट १२६पी, आणि जिथे तिथे लाडा. अमेरिकन गाड्यांच्या झगमगाटापुढे यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही, पण मराठी वाचकाला लाडा ओळखीची वाटेल. रशियातील तोल्याती येथे १९७० पासून निघू लागलेली ही गाडी फियाट १२४ वर बेतलेली आहे. त्याच फियाट १२४ चा आराखडा घेऊन आपल्याकडे १९८५ मध्ये प्रीमियर ११८एनई आली, फक्त तिच्या पोटात निसानचे १.२ लिटरचे इंजिन होते. म्हणजे परके इंजिन बसवण्याचा जो उद्योग हवानाच्या अंगणात चालतो, तो कुर्ल्याच्या कारखान्याने अधिकृतपणे केलेला होता. मातान्सासच्या नदीपुलाजवळ उभी असलेली एक चौकोनी पांढरी लाडा पाहून मी दारावर हात ठेवला, तेव्हा मुठीची जागासुद्धा ओळखीची निघाली.

रविवार : किंता आवेनिदा

हवानात परतल्यावर मीरामार भागातील या रुंद, झाडांच्या रस्त्यावर काही मालक सकाळी आपल्या गाड्या घेऊन जमले होते. तिथे १९५२ ची एक ब्युइक स्पेशल होती. बॉनेटच्या बाजूला तीन भोके म्हणजे ती धाकट्या वर्गातील. मोठ्या रोडमास्टरला प्रत्येक बाजूला चार असत. मालक साठीच्या पुढचे, गाडी वडिलांपासूनची. बॉनेट उघडले आणि आत २६३ घनइंचांचे, एका ओळीतल्या आठ सिलिंडरांचे मूळ इंजिन दिसले. ब्युइकने ही जात १९५३ नंतर बंद केली, आणि इतके लांब इंजिन आपल्याच जागेवर चालू अवस्थेत पाहणे ही या सबंध सहलीतील सर्वांत मोठी मिळकत आहे, असे मी त्यांना माझ्या तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले.

त्यांना ते कौतुक अर्धवट वाटले. त्यांनी मला एकेक भाग बोटाने दाखवायला सुरुवात केली. कार्ब्युरेटर लाडाचा, तेल वाचावे म्हणून. पाण्याच्या पंपाची आतली चाती लेथवर घडवलेली. पिस्टनच्या रिंगा एका ट्रॅक्टरच्या, घासून मापात आणलेल्या. सिलिंडर-हेडचे गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापलेले. ब्लॉक, क्रँक आणि कॅमशाफ्ट ब्युइकचे, एवढेच त्यांनी मान्य केले, आणि मग हसत म्हणाले की डिझेल बसवणारे शेजारी त्यांना वेडा समजतात, कारण तेवढ्याच कष्टात कमी खर्चाची गाडी झाली असती.

इंजिन सुरू झाले तेव्हा बॉनेटवर उभे ठेवलेले नाणे पडले नाही. हा ब्युइकवाल्यांचा जुना डाव आहे आणि तो त्यांनी दोनदा करून दाखवला. त्यानंतर माझ्या वहीत त्यांनी मागच्या दाराच्या रबराचा आडवा छेद मापांसह काढून दिला, कारण पावसात पाणी तिथूनच आत येते, आणि तसे रबर कुठे ओतून मिळत असेल तर दोन्ही दारांचे मिळून साडेसहा मीटर पाठवावे, असे सांगितले.